घर बदललं आणि बुंदी क्रेटमध्ये पाऊल टाकेना

बुंदीची_ताई, ऐरोली

नमस्कार. आमची ठाण्यातल्या नौपाड्यातली बिल्डिंग रीडेव्हलपमेंटला गेली, म्हणून २४ मेला आम्ही ऐरोलीत भाड्याच्या घरात आलो. आज एकोणिसावी रात्र. या एकोणीस रात्रींत आमची कुत्री बुंदी एकदाही सलग झोपलेली नाही, त्यामुळे आम्हीही नाही. घरातल्या सगळ्यांची मतं घेऊन झाली, आता तुम्हाला विचारते. जरा सविस्तर लिहिते, कारण यातलं महत्त्वाचं काय नि बिनमहत्त्वाचं काय तेच मला कळेनासं झालंय.

बुंदी इंडी, म्हणजे देशी आहे. साडेचार वर्षांची, १७ किलो, नसबंदीचं ऑपरेशन झालेली. दीड महिन्याची असताना राम मारुती रोडजवळ एका बंद दुकानाच्या पायरीवर पावसात कुडकुडत बसलेली मिळाली. सहाव्या महिन्यापासून ती क्रेटमध्ये झोपते. ३६ इंची तारेचा क्रेट, आत काळा प्लॅस्टिकचा ट्रे, ट्रेवर माझ्या आजीने जुन्या लुगड्यांची शिवलेली गोधडी. सासूबाई सुरुवातीला त्याला पिंजरा म्हणायच्या. 'मुक्या जनावराला कोंडून काय मिळतं तुम्हाला' असं बोलून दाखवायच्या. पण दिवाळीत फटाके सुरू झाले की बुंदी आपणहून आत जाऊन बसते, पाहुण्यांची लहान मुलं मागे लागली की तिथेच जाते, हे त्यांनीच पाहिलं. मग त्याच म्हणायला लागल्या, ती तिची खोली आहे. रात्री साडेदहाला खाली फिरवून आणलं की 'चल, खोलीत' एवढं म्हटलं की पुरे. आत जाणार, गोधडी पायाने उकरून गोळा करणार, तिच्यावर हनुवटी टेकणार. कडी लावा नाहीतर लावू नका, सकाळी सहापर्यंत आवाज नाही. चार वर्षं हेच चाललं होतं.

इथे पहिल्या रात्री तिने आत जायचंच नाकारलं. बिस्किट आत टाकलं तर मागचे दोन्ही पाय बाहेर घट्ट रोवून, मान लांब करून उचललं आणि मागे पळाली. दुसऱ्या रात्री मी तिला उचलून आत ठेवलं आणि कडी लावली. मध्यरात्रीनंतर रडायला लागली. भुंकणं नाही, वरच्या सुरातलं बारीक कुंईकुंई, मग दारावर पंजे. दोन वाजता शेजारच्यांनी बेल वाजवली. तिसऱ्या रात्री पुन्हा तेच केलं आणि सकाळी पाहिलं तर गोधडी लाळेने भिजलेली, पुढच्या उजव्या पायाचं नख मुळाशी तुटून रक्त आलेलं. ते नख पाहिल्यावर मी खाली बसून रडले. त्या दिवसापासून कडी लावलेली नाही आणि तिला उचलून आत ठेवलेलं नाही.

आता ती रात्री मुख्य दाराशी पडते. पंधरा-वीस मिनिटं होतात न होतात तोच उठते, दाराच्या फटीला नाक लावते, थोडा वेळ धापा टाकते, परत येऊन पडते. नवऱ्याची शिफ्ट असते, तो पावणेदोनला येतो. तो आल्यावरही हे थांबत नाही. दिवसा मात्र सगळं ठीक. जेवते, शी-शू व्यवस्थित, दुपारी सासूबाईंच्या पलंगाखाली दोन-दोन तास गाढ झोपते.

क्रेट हॉलमध्येच आहे, तिकडेही हॉलमध्येच होता. इथे शू-रॅक आणि मुख्य दाराच्या बाजूची भिंत यांच्या मधल्या कोपऱ्यात बसला, दुसरीकडे जागाच नाही. तिकडे आम्ही दुसऱ्या मजल्यावर होतो, लिफ्ट नव्हती. इथे अकरावा मजला.

क्रेट सोडून द्यावा का, असं नवरा विचारतो. मला सोडायचा नाही. गणपतीला आम्ही गाडीने चिपळूणला जातो तेव्हा ती मागे क्रेटमध्येच असते. उद्या दवाखान्यात ठेवायची वेळ आली तर तिथेही पिंजराच असणार. आणि तीन वर्षांनी परत नौपाड्यात जायचंय, म्हणजे हे सगळं पुन्हा. तिच्या मनातून ती खोली कायमची गेली तर मला फार वाईट वाटेल. कुणी यातून गेलंय का?

खारघर_सेक्टर_१२

ताई, आधी दोन गोष्टी सांगा. सामान हलवलं त्या दिवशी बुंदी नेमकी कुठे होती? आणि गोधडी इथे आल्यावर धुतली का?

कडी लावणं थांबवलंत हे योग्य केलंत. 'रडू दे, दमून झोपेल' असं सांगणारे भेटतील, त्यांचं ऐकू नका. कुरकुर करणं वेगळं आणि लाळ गळून नखं तुटणं वेगळं. दुसऱ्या प्रकारात कुत्रं घाबरून गेलेलं असतं, तशाच अवस्थेत कोंडून ठेवलं तर दर रात्री भीती वाढत जाते. तारा चावून दात मोडलेली कुत्री मी पाहिली आहेत.

कोपरीचा_दवाखाना

मी डॉक्टर नाही, कोपरीत प्राण्यांच्या दवाखान्यात नऊ वर्षं मदतनीस आहे. तेवढ्या अनुभवावर सांगतो.

वागणूक अचानक बदलली की आधी तब्येत बघून घ्या. घर बदललं हे कारण डोळ्यांसमोर असल्यामुळे दुसरं कारण सुटून जातं, असं बरेचदा होतं. मादी असेल तर लघवीचं इन्फेक्शन असू शकतं. वारंवार थोडी थोडी शू, सारखं दाराशी जाणं ही त्याची खूण. तुमच्या लिहिण्यात ती दाराशी जाते असं आहे म्हणून मुद्दाम विचारतो, रात्री खाली नेलंत तर खरंच शू करते का? कानात खाज किंवा वास? कंबर किंवा मागचे पाय दुखत असतील तर क्रेटमध्ये वाकून वळणं नको वाटतं.

दुसरं म्हणजे गोचीड. पाऊस सुरू होतोय, नवीन आवार, नवीन गवत. कानामागे, बोटांच्या बेचक्यात, शेपटीखाली बोटांनी चाचपून बघा. गोचीड तापात कुत्रं अस्वस्थ होतं, खाणं कमी होतं, हिरड्या फिकट पडतात. ताप मोजलात तर १०१ ते १०२.५ फॅरेनहाइट हे कुत्र्याचं नॉर्मल आहे, माणसाच्या हिशोबाने घाबरू नका. नाक गार की गरम यावरून काही कळत नाही.

तुटलेलं नख डॉक्टरांना दाखवाच, मुळाशी तुटलेलं असेल तर पावसात पिकतं. आणि कृपा करून झोपेची किंवा दुखण्याची माणसांची कुठलीही गोळी घरच्या घरी देऊ नका. पॅरासिटामॉल, आयबुप्रोफेन याने कुत्र्यांची फार वाईट अवस्था होते. दरवर्षी अशा केसेस येतात आणि प्रत्येक वेळी देणाऱ्याने प्रेमापोटीच दिलेली असते.

बुंदीची_ताई, ऐरोली

आज दवाखान्यात जाऊन आलो. लघवी तपासली, ठीक आहे. गोचीड तापासाठी रक्त तपासलं, प्लेटलेट नीट आहेत. कान, कंबर सगळं दाबून पाहिलं. नखाला पट्टी केली. रात्री खाली नेलं तर शू करत नाही, नुसती उभी राहते आणि वर बघते.

खारघरकर, तुमच्या प्रश्नाचं उत्तर लिहिताना माझ्या लक्षात आलं की मी हा भाग वर लिहिलाच नव्हता. सामान हलवायचं त्या दिवशी ती क्रेटमध्येच होती. सकाळी नऊपासून. दार उघडंच असणार, माणसं ये-जा करणार, ती खाली पळून रस्त्यावर गेली तर, या भीतीने आम्ही कडी लावून आतल्या खोलीत ठेवली. माणसांनी कपाटं तिच्या शेजारून ओढत नेली. पलंग खोलताना लोखंडी दांडा क्रेटवर पडला. एक वाजता खोली रिकामी झाली तेव्हा रिकाम्या खोलीत मधोमध ती एकटी. मग क्रेटसकट उचलून टेम्पोत ठेवली, नवरा शेजारी बसला होता. पुलाच्या अलीकडे ट्रॅफिकमध्ये पाऊण तास. इथे पोचलो तेव्हा ती थरथरत होती. मला वाटलं, दमली असेल.

गोधडी आल्या आल्या धुतली. टेम्पोत तिने शू केली होती. दोनदा मशीनला लावली, वासाचं लिक्विड घालून. आणि क्रेटखाली सासूबाईंनी एक जुनी सतरंजी घडी करून घातलेली असायची, ती बांधाबांध करताना टाकून दिली.

खारघर_सेक्टर_१२

मला तेच वाटत होतं. नवं घर तिला तितकं खुपत नाहीये, दुपारी गाढ झोपते ना. तिला क्रेट खुपतोय. चार वर्षं तिथे काही वाईट झालं नव्हतं, एका दिवसात सहा तास सगळं वाईट तिथेच झालं, आणि त्यातून बाहेर आली तेव्हा तिचं घरच नव्हतं. वर गोधडीचा वास गेला. म्हणजे तिच्या दृष्टीने ती तिची खोली नाहीच, टेम्पोतली वस्तू आहे. स्वतःला दोष देऊ नका, रस्त्यावर पळून गेली असती तर काय झालं असतं.

मी आमच्या लॅब्राडॉरला घेऊन तीन घरं बदलली, दुसऱ्या वेळी आमचंही असंच झालं. तेव्हा काय केलं ते सांगतो. सहा महिन्यांचं पिल्लू असताना जे केलंत ते सगळं पहिल्यापासून करायचं, फक्त या वेळी लवकर होतं, कारण जुनी आठवण कुठेतरी असते.

पहिलं, क्रेट त्या कोपऱ्यातून हलवा. तुमच्या बेडरूममध्ये, पलंगाला लागून, तुमचा श्वास ऐकू येईल असा. जागा नसेल तर कपड्यांचं स्टँड महिनाभर हॉलमध्ये जाऊ दे. नंतर रोज वीतभर सरकवत हॉलमध्ये नेता येतो. दार सुतळीने मागे बांधून टाका, हलून खडखड वाजता कामा नये. आत काही ठेवू नका, काही बोलू नका, तिला बोलावू नका. तिने बघितलं तर बघितलं.

गोधडी क्रेटबाहेर, ती आपणहून झोपते तिथे, म्हणजे सासूबाईंच्या पलंगाखाली टाका. तुमचा वापरलेला टॉप, न धुतलेला, तिच्यात गुंडाळा. चार-पाच दिवसांत तिला तिचा वास परत येईल. 'खोलीत' हा शब्द सध्या वापरू नका, तो दुसऱ्या-तिसऱ्या रात्री खराब झालाय. गोधडीवर पाठवायला नवा शब्द घ्या.

जेवणाची वाटी क्रेटपासून तिला चालेल तेवढ्या अंतरावर, मग ते चार हात का असेना. रोज चार बोटं पुढे. ज्या दिवशी मान लांब करून खाईल आणि मागचे पाय रोवून ठेवील त्या दिवशी तिथेच थांबायचं, दोन दिवस वाटी पुढे न्यायची नाही. मागचे पाय सैल पडलेले दिसले की पुढे. खरं तर मागच्या पायांकडेच बघत राहा. रात्री जाग राहत असेल तर आत भरता येईल असं रबरी खेळणं मिळतं, त्यात दहीभात भरून फ्रीझरमध्ये ठेवा आणि झोपायच्या वेळी द्या. चाटत बसल्याने कुत्री शांत होतात. पीनट बटर भरणार असाल तर डब्यावर झायलिटॉल (साखरेऐवजी घालतात ते) नाही ना ते वाचा, कुत्र्यांना ते विष आहे.

कडीचा विचार शेवटी. ती आत आपणहून आडवी झाली की मगच, दार ढकलायचं, दोन सेकंदांनी उघडायचं. तिने मान वर केली तर आज बास.

नेरूळच्या_काकू

बाळा, तुझी पोस्ट वाचून आमची जुनी मनी आठवली, तीही इंडीच होती, गेल्या वर्षी गेली. आम्ही डोंबिवलीहून नेरूळला आलो तेव्हा ती रात्रभर बाल्कनीच्या दाराशी कान टवकारून उभी असायची. आम्हाला वाटायचं हिला भास होतात. पंधरा दिवसांनी मला स्वतःला पहाटे तीनला जाग आली तेव्हा ऐकू आलं, खाडीच्या कांदळवनातून कोल्हेकुई चालली होती. इतक्या बिल्डिंगांच्या पलीकडे. आम्ही झोपेत, ती बिचारी रोज ऐकत होती. आपल्याला २० हजार हर्ट्झपर्यंत ऐकू येतं, त्यांना ४५ हजारांपर्यंत. (ऐरोलीलाही खाडीच आहे, तेव्हा रेबीजचं इंजेक्शन वेळेवर घे. कोल्ह्यांनाही रेबीज होतो.)

म्हणून सांगते, एक रात्र तू तिच्या जागी जाऊन झोप. खाली, फरशीवर, अगदी क्रेट आहे त्या जागी. दिवे घालव, पंखा घालव आणि ती उठेल तेव्हा काय ऐकू येतं ते बघ. उभ्याने नाही कळत.

आणि गोधडी धुवायची झाली तर पुढच्या वेळी नुसत्या पाण्यातून काढ, वासाचं काही घालू नकोस. त्याहून बरं म्हणजे अजून एक पातळ चादर तिच्याबरोबर वापरात ठेव. एक धुतली तरी एक तिच्या वासाची राहते.

घणसोली_पोस्टमन

शेजाऱ्यांचं थोडं. बेल वाजवली म्हणजे पुढे सोसायटीत तक्रार जाऊ शकते. कुत्रं पाळायला बंदी घालण्याचा अधिकार सोसायटीला नाही, लिफ्ट वापरू न देण्याचाही नाही. ॲनिमल वेल्फेअर बोर्डाची २०१५ सालची मार्गदर्शक सूचना आहे, तिची प्रिंट जवळ असू द्या. पण ती दाखवायला जाण्याआधी शेजाऱ्यांकडे जाऊन नीट सांगा की हे हे चालू आहे, महिनाभर सांभाळून घ्या. भाडेकरूंच्या बाबतीत हे जास्त कामाला येतं. आणि लायसन्स ठाणे महापालिकेचं असेल तर नवी मुंबई महापालिकेचं काढून घ्या.

बुंदीची_ताई, ऐरोली

तेवीस दिवसांनी लिहिते आहे. उशीर झाला, पण काही सांगण्यासारखं हाती आल्याशिवाय लिहायचं नव्हतं.

काकू, तुमचं त्याच रात्री ऐकलं. क्रेट बाजूला सरकवला आणि त्या कोपऱ्यात चटई टाकून आडवी पडले. बुंदी येऊन माझ्या पोटाला चिकटून बसली. पंखा बंद, जून महिना, घामाने नुसती भिजले. पहिला अर्धा तास काहीच नाही. मग भिंतीतून बारीक घरघर सुरू झाली, वर वर येत गेली, आणि डोक्याच्या मागे ठक्क असा आवाज होऊन थांबली. बुंदी ताडकन उठून दाराशी. मी भिंतीला तळहात लावून ठेवला. पुढच्या वेळी तो हाताला लागला. त्या भिंतीमागे लिफ्टची विहीर आहे! आमच्यावर एकच मजला, त्यावर लिफ्टची मशीन रूम. म्हणजे प्रत्येक वेळी ब्रेक लागतो तो जवळजवळ आमच्या कानात. मग मी क्रेट परत जागेवर ओढला आणि लिफ्ट येईपर्यंत तारेला बोट लावून बसले. बोटाला झिणझिण्या येत होत्या. खाली सतरंजी नाही, पाय थेट गुळगुळीत टाइल्सवर, ट्रे टिकटिक करत होता. उभं राहून कुणाला काय कळणार होतं. ती मात्र त्या ट्रेवर कान ठेवून झोपणार होती.

आणि दाराशी का जाते तेही त्या रात्री कळलं. नौपाड्यात नवऱ्याची बाइक गल्लीत वळली की ती एक डोळा उघडायची, जिन्यात त्याची पावलं वाजली की शेपूट आपटायची आणि तो आत आला की पुन्हा झोपायची. इथे पावलं नाहीत. लिफ्ट थांबते, कुणीतरी उतरतं, एवढंच. दर वेळी तिला वाटत असणार, तोच आला. तो आल्यावरही लिफ्ट थांबत नाही, मग ती मोजणार तरी कुणाकुणाला. आता तो अकराव्या मजल्यावर न उतरता दहाव्यावर उतरतो आणि एक जिना चढून येतो. सासूबाईंनी सुचवलं हे. तिसऱ्या दिवसापासून त्याची पावलं ऐकून ती शेपूट आपटायला लागली, आणि तो येऊन गेला की दाराशी परत जात नाही.

क्रेट आता आमच्या खोलीत, खिडकीखाली. खाली सतरंजी नवी आणली, ट्रे आणि तारांच्या मधे जुन्या टॉवेलच्या पट्ट्या कोंबल्या, हलवून पाहिला, वाजत नाही. खारघरकरांनी सांगितलं तसं दार सुतळीने बांधलं. वाटी पहिल्या दिवशी साडेतीन हातांवर होती. अकराव्या दिवशी क्रेटच्या उंबऱ्यावर. तिथे अडलं, पाच दिवस. मागचे पाय अगदी दगड. मी घाई करणार होते, पण तुम्ही लिहिलेलं आठवून थांबले. सोळाव्या दिवशी बाहेर धो धो पाऊस, वीज कडाडली, आणि ती सासूबाईंच्या पलंगाखालून उठली, आमच्या खोलीत आली, आत गेली. मी स्वयंपाकघरात होते. सासूबाईंनी हाक मारली, 'अगं, खोलीत गेली बघ.' मी गेले नाही. जाऊन बघावंसं फार वाटत होतं, पण दारातून दिसेल एवढंच बघितलं. ती फक्त चार-पाच मिनिटं आत होती.

दुसऱ्या दिवशी पलंगाखालची गोधडी आत ठेवली. गेल्या पाच रात्री ती तिथेच झोपली आहे. मधे एकदा उठते, पाणी पिते, परत जाते. काल चारला उठली तेव्हा मी जागी होते. तिने गोधडी उकरून गोळा केली आणि हनुवटी टेकली, तशीच.

कडीला अजून हात लावलेला नाही. दुपारी ती आत पडलेली असताना दार ढकलून दोन सेकंदांनी उघडते, कालपासून पाच. गणपतीला अवकाश आहे. जमलं नाही तर या वर्षी ती मागच्या सीटवर सासूबाईंच्या शेजारी पट्टा लावून येईल, तसं आम्ही ठरवलंय.

शेजाऱ्यांकडे जाऊन बोलले. त्यांनी ऐकून घेतलं आणि म्हणाले, लिफ्टच्या आवाजाने आमच्या आईलाही झोप लागत नाही. ब्रेक तपासून घ्यायला दोघांनी मिळून सेक्रेटरींकडे अर्ज दिलाय.

एकच विचारायचं राहिलं. ट्रेला मागच्या कोपऱ्यात तडा गेलाय, टेम्पोत गेला असेल. ३६ इंचीचा नुसता ट्रे ठाण्यात किंवा वाशीत कुठे सुटा मिळतो का? नवा आणला तर त्याला प्लॅस्टिकचा वास असेल, म्हणून आधी दहा-बारा दिवस सासूबाईंच्या पलंगाखाली ठेवीन.